पर्याय क्रमांक दोन, पण का?

‘मला आंबा आवडतो.’ या वाक्यातला कर्ता ओळखा. पर्याय: १) मला २) आंबा ३) आवडतो ४) यांपैकी नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा दुसरा गोल रंगवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याला क्लासमध्ये युक्ती शिकवलेली असते: क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ जोडायचा आणि ‘कोण?’ असे विचारायचे. आवडणारा कोण? आंबा. म्हणून कर्ता आंबा, क्रियापद आंब्याच्या तालावर चालते, प्रयोग कर्तरी. लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘मला हा डोंगर चढवतो.’ वरवर पाहता वाक्याचा साचा तोच. पण चढणारा कोण? मी. त्यामुळे इथे कर्ता ‘मला’, डोंगर हे कर्म आणि प्रयोग शक्य कर्मणी. युक्ती दोन्हीकडे चालली, मुलगा खूश.

आता याच जातीचे आणखी एक वाक्य घेऊ: ‘रामाला आपले घर आवडते.’ इथे ‘आपले’ म्हणजे कुणाचे? रामाचे. मराठीत ‘आपला’ हा शब्द सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो. ‘रामाने श्यामला आपल्या घरी नेले’ म्हटले की घर रामाचे, श्यामचे नव्हे. या कसोटीवर तपासले तर ‘आवडते’च्या वाक्यात रामच कर्त्यासारखा वागताना दिसतो. क्रियापद मात्र घराशी जुळते. भारतीय भाषांमधल्या अशा वाक्यांवर भाषावैज्ञानिकांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि अनुभव घेणाऱ्यालाच इथला कर्ता मानावे म्हणणाऱ्यांची बाजूही लेचीपेची नाही.

म्हणजे ज्याने युक्ती तेवढी पाठ केली तो पाच सेकंदांत मोकळा होतो, आणि ज्याने दोन पुस्तके जास्त वाचली तो तिथेच घुटमळतो.

मराठी व्याकरणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांचे दुखणे नेमके इथे आहे. प्रश्न अवघड असतात ही तक्रार नाही. ते अवघड असायलाच हवेत. तक्रार उत्तरतालिकेबद्दल आहे. तिच्यात पर्यायाचा क्रमांक असतो, त्यामागचे कारण नसते. हे उत्तर कोणत्या कसोटीवर बरोबर आहे, कोणत्या व्याकरणकाराच्या मते बरोबर आहे, हे परीक्षा घेणारी संस्था सांगत नाही आणि तयारीची पुस्तके तर मुळीच सांगत नाहीत. कारण नसलेले उत्तर तपासता येत नाही, खोडता येत नाही आणि त्यापासून काही शिकताही येत नाही.

‘फसवा प्रश्न’ हा शब्द अभ्यासिकांमध्ये सरसकट वापरला जातो, पण त्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली, अवघड पण सरळ प्रश्न. ‘दुरवस्था’ की ‘दुरावस्था’? वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रस्त्यांची ‘दुरावस्था’ वर्षानुवर्षे छापून येते, म्हणून मुले चुकतात. पण ‘दुः’ अधिक ‘अवस्था’ असा संधी सोडवला की ‘रा’ला जागाच उरत नाही. ‘पारंपरिक’, ‘साहाय्य’, ‘मंत्रिमंडळ’, ‘महत्त्व’ हे शब्दही त्याच पंक्तीतले. इथे नियम ठरलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम पटोत वा न पटोत, ते छापील स्वरूपात सर्वांसमोर आहेत. अशा प्रश्नावर चुकणाऱ्याने चूक आपल्या पदरात घ्यावी.

दुसरा प्रकार खरा नाजूक. इथे कसोटी बदलली की उत्तर बदलते. ‘मी उद्या पुण्याला जातो’ या वाक्याचा काळ कोणता? क्रियापदाचे रूप वर्तमानकाळाचे, अर्थ भविष्यकाळाचा. ‘तुम्ही बसा, मी आलोच’ यात रूप भूतकाळाचे आहे आणि बोलणारा अजून निघालेलाही नाही. ‘ती चांगली गाते’ यातले ‘चांगली’ गाण्याची रीत सांगते, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करते; पण ‘तो चांगला गातो’ म्हटले की लिंगाप्रमाणे बदलते, म्हणजे वागते विशेषणासारखे. ‘तू पत्र लिहिलेस’ यात ‘लिहिले’ पत्राशी जुळते आणि शेवटचा ‘स’ ‘तू’शी. कुणी याला कर्मणी म्हणेल, कुणी कर्तृकर्मसंकर. दोन्ही नावे एकाच प्रश्नाच्या पर्यायांत आली की परीक्षार्थीने काय करायचे?

समासाचे प्रश्न तर याबाबतीत कुप्रसिद्ध. ‘पीतांबर’ हा कोणता समास? सोवळ्यात नेसायचे रेशमी वस्त्र मनात असेल तर ‘पीत असे अंबर’, म्हणून कर्मधारय. विष्णू मनात असेल तर ‘पीत आहे अंबर ज्याचे असा तो’, म्हणून बहुव्रीही. वाक्य दिले तर उत्तर एकच; सुटा शब्द दिला तर दोन्ही बरोबर. ‘पापपुण्य’ घ्या. विग्रह ‘पाप किंवा पुण्य’ असा केला तर वैकल्पिक द्वंद्व, ‘पाप आणि पुण्य’ असा केला तर इतरेतर द्वंद्व. आणि प्रश्नसंचांत हे शब्द बहुधा सुटेच असतात, कारण वाक्य रचण्यापेक्षा शब्द टाकणे सोपे.

‘म्हणून’ या एका शब्दावर तर प्रश्नांची रांग लावता येते. ‘गाडी उशिरा आली म्हणून काम झाले नाही’ इथे ते परिणाम सांगते. ‘चांगला अभ्यास व्हावा म्हणून तो शहरात आला’ इथे उद्देश. ‘धृपद म्हणून गाण्याचा एक प्रकार आहे’ इथे फक्त स्वरूप. ज्याला ही तीन वाक्ये शेजारी ठेवून समजावली, तो चौथ्या वाक्यात चुकणार नाही. पण प्रश्नसंचात ही तीन वाक्ये तीन वेगवेगळ्या पानांवर, तीन क्रमांकांसह असतात. वाचणाऱ्याला वाटते, हे पुस्तक स्वतःशीच भांडते आहे.

हे मतभेद कुणाच्या अज्ञानातून आलेले नाहीत. मराठी व्याकरणाची परंपराच वादाची आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. दामल्यांनी आधीच्या मंडळींची मते मांडून, त्यांच्याशी हुज्जत घालून, मग आपला निर्णय दिला. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहिला. कृ. श्री. अर्जुनवाडकरांच्या १९८७ मधल्या ग्रंथाचे नावच ‘मराठी व्याकरण: वाद आणि प्रवाद’ असे आहे. संस्कृतचा साचा मराठीवर कितपत बसतो, विभक्ती प्रत्ययावरून ठरवायची की अर्थावरून, प्रयोग नेमके किती, या प्रश्नांवर ही माणसे आयुष्यभर झगडली. ‘मी रामाला पाहिले’ आणि ‘मी रामाला पुस्तक दिले’ यांत ‘ला’ हा प्रत्यय एकच असताना एकीकडे द्वितीया आणि दुसरीकडे चतुर्थी का म्हणायचे, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडतो आणि व्याकरणकारांनाही पडला. फरक इतकाच की व्याकरणकार आपले कारण लिहून ठेवतो.

पुढे मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ने हे सगळे शाळेच्या बाकापर्यंत आणले. परीक्षार्थींच्या दोन पिढ्या याच पुस्तकावर पोसल्या आहेत. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले, उदाहरणांनी भरलेले असे ते पुस्तक आहे, आणि त्यातही ठिकठिकाणी ‘या प्रयोगाला असेही म्हणतात’ अशी दुसऱ्या नावाची दखल घेतलेली आढळते. या दखली गळाल्या त्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे चार पर्यायांच्या चौकटीत. ‘रावण रामाकडून मारला गेला’ याला नवीन कर्मणी म्हणतात आणि कर्मकर्तरीही म्हणतात. पुस्तकात दोन्ही नावे एका ओळीत सुखाने नांदतात. प्रश्नपत्रिकेत ती दोन पर्याय होऊन एकमेकांसमोर उभी राहतात.

तिसरा प्रकार म्हणजे उघड चुकीचे उत्तर. त्यात व्याकरणाचा काही संबंध नसतो, छपाईचा असतो.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात तयारीच्या पुस्तकांची चळत दिसते. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, शिक्षक पात्रता, राज्यसेवा, प्रत्येकाचा वेगळा ठोकळा. यातली काही पुस्तके खरोखर मेहनतीने केलेली असतात. पण जाहिरात निघाल्यापासून परीक्षेपर्यंतचे काही महिने हाच विक्रीचा हंगाम, त्यामुळे घाई असते आणि घाईत जुने साहित्य नव्या मुखपृष्ठाखाली जाते. मागच्या प्रश्नपत्रिका गोळा करून छापणे हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग. तिथे चुका शिरायच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट संचांची. लोकसेवा आयोगाची एकच प्रश्नपत्रिका ए, बी, सी, डी अशा चार संचांत निघते. प्रश्न तेच, क्रम वेगळा. ‘ए’ संचाचे प्रश्न छापून त्याखाली ‘बी’ संचाची तालिका लावली की शंभर प्रश्नांची उत्तरे एका फटक्यात बिघडतात. दुसरी वाट तालिकांची. आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, तज्ज्ञांचे अभिप्राय घेतो आणि मग अंतिम तालिका काढतो. मधल्या काळात काही उत्तरे बदलतात, काही प्रश्नच रद्द होतात. जे पुस्तक पहिल्या तालिकेवर घाईने बाजारात आले, त्यात रद्द झालेला प्रश्नही ‘बरोबर उत्तरा’सह कायमचा राहतो, आणि त्याच्यावरून उतरवलेल्या पुढच्या पाच पुस्तकांतही.

तिसरी वाट काळाची. मराठीत स्वर किती? जुन्या हिशोबात बारा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ धरले, म्हणून चौदा. वर्ण किती? बारा स्वर, दोन स्वरादी, चौतीस व्यंजने मिळून अठ्ठेचाळीस. नव्या हिशोबात दोन स्वर वाढले, क्ष आणि ज्ञ ही विशेष संयुक्त व्यंजने आली आणि बेरीज बावन्न झाली. जुन्या प्रश्नपत्रिकेत ‘बारा’ हे उत्तर तेव्हा बरोबर होते. आज ते तसेच, वर्ष न लिहिता छापले की चुकीचे होते. चांगल्या पुस्तकांत दोन्ही आकडे खुलाशासह असतात. बाकीच्यांत एका प्रकरणात बारा आणि दुसऱ्यात चौदा.

चौथी वाट संगणकाची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार इकडचा तिकडे जातो, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. मग डोंगरातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’, म्हणजे समुद्र होतो. इतर पुस्तकात वाचक ते समजून घेतो. ‘शुद्ध शब्द ओळखा’ या प्रश्नात मात्र सगळा खेळच एका वेलांटीचा. ती हलली की चारपैकी दोन पर्याय जुळे होतात, किंवा चारही अशुद्ध.

आणि काही चुका पिढीजात. ‘घोडा’ हा शब्द कित्येक पुस्तकांत ‘देशी’ शब्दांच्या यादीत सापडतो, म्हणजे संस्कृतशी नाते नसलेला. व्युत्पत्तीचे कोश मात्र त्याचा धागा संस्कृत ‘घोटक’शी जोडतात. मग तो तद्भव झाला. यादी एकाकडून दुसऱ्याकडे उतरत गेली, कोश उघडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

यात नुकसान कुणाचे होते? पोलीस भरतीची लेखी परीक्षा शंभर गुणांची, नव्वद मिनिटांची, आणि मराठी व्याकरण तिच्या चार विषयांपैकी एक. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांपैकी पंचवीस मराठीचे होते, प्रत्येकी दोन गुणांचे. आयोगाच्या परीक्षेत उत्तर चुकले की एक चतुर्थांश गुण कापला जातो. कटऑफच्या रेषेवर शेकडो मुले एका गुणाच्या अंतरात उभी असतात. ज्याच्याकडे पाच संदर्भग्रंथ घ्यायला पैसे आहेत, ज्याच्या क्लासमधले सर नीट समजावून सांगतात, तो यातून वाट काढतो. गावातल्या वाचनालयात एकच जुना ठोकळा हाताशी असलेल्या मुलीला मात्र त्यातले उत्तर हेच प्रमाण. ती चुकीचे उत्तर कष्टाने, मन लावून पाठ करते.

या गोंधळावर अभ्यासिकांनी आपला उपाय शोधून काढला आहे. तिथे दोन सत्ये शिकवली जातात: ‘पुस्तकानुसार’ आणि ‘आयोगानुसार’. मागच्या दहा वर्षांच्या तालिका पाहून आयोगाने कोणते उत्तर धरले ते लक्षात ठेवायचे. ‘व्याकरण काय म्हणते ते सोड, आयोग काय म्हणतो ते बघ,’ हा सल्ला मुले एकमेकांना देतात, आणि व्यवहारात तो शहाणपणाचाच आहे. पण मग ती परीक्षा भाषेची राहते का? ‘की’ आणि ‘म्हणून’ वाक्ये कशी जोडतात हे ज्याला कळते, त्याच्या हातून उद्या सरकारी पत्र नीट लिहिले जाईल, या अपेक्षेने हा विषय परीक्षेत आला. प्रत्यक्षात मोजले जाते ते तालिकेचे पाठांतर.

हरकत घेण्याची सोय आहे, हे मान्य. पण हरकतीसोबत पुरावा द्यायचा आणि पुरावा म्हणजे पुस्तक. कोणते पुस्तक ग्राह्य, हे आधी ठरलेले नसते. एक मुलगा एका ग्रंथाचे पान जोडतो, दुसरा दुसऱ्याचे. तज्ज्ञ त्यातले एक उचलतात. अंतिम तालिकेत पुन्हा फक्त पर्यायाचा क्रमांक येतो. पहिले उत्तर का बदलले किंवा का कायम ठेवले, याची एक ओळसुद्धा नसते. पुढच्या वर्षी तोच प्रश्न थोडा फिरवून येतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

काही जण न्यायालयात जातात. तिथला इतिहास बोलका आहे. उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या उत्तरतालिकेचा वाद १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या नावाने तो निकाल ओळखला जातो, आणि तो लिहिला होता तेव्हाचे सरन्यायाधीश, मूळचे पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. त्याचे सार असे: तालिकेतले उत्तर बरोबर आहे असे धरून चालायचे; पण ते चूक असल्याचे स्पष्ट दाखवून दिले, मान्य पाठ्यपुस्तके त्याच्या विरुद्ध बोलत असली, तर चुकीचे उत्तर दिले नाही म्हणून विद्यार्थ्याला शिक्षा करता येणार नाही. प्रश्नांची भाषा संदिग्ध नसावी आणि तालिका आधी तपासून घ्यावी, असेही न्यायालयाने सुचवले.

पुढे हवा बदलली. उत्तर प्रदेशातल्याच शिक्षक भरतीच्या रणविजय सिंह प्रकरणात २०१७ च्या अखेरीस न्यायालयाने म्हटले की उत्तरे तपासणे हे न्यायाधीशांचे काम नव्हे, आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा. भरत्या वर्षानुवर्षे कोर्टात अडकतात, त्या अनुभवातून आलेली ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण तिचा अर्थ एवढाच की व्याकरणाच्या प्रश्नाला कोर्टात दाद मिळणे जवळजवळ अशक्य. तिथे शंका ही ठरलेलीच.

२०२४ च्या ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाने हेच वेगळ्या अंगाने दाखवले. एनसीईआरटीच्या जुन्या पाठ्यपुस्तकातल्या विधानावरून एक उत्तर निघत होते, नव्या पुस्तकावरून दुसरे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्हींना गुण दिले. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आले तेव्हा खंडपीठाच्या प्रमुखपदी धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. त्यांनी दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितले. समितीने एकच उत्तर बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्यांत ४४ जण या एका प्रश्नाच्या जोरावर पोहोचले होते. लाखो विद्यार्थ्यांचे गुण बदलले. भौतिकशास्त्रात निदान समिती बसवून निर्णय लागतो. ‘पीतांबर’ कर्मधारय की बहुव्रीही, हे कोणती समिती ठरवणार?

त्यासाठी अमेरिकेतली एक घटना पाहण्याजोगी आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या ‘पीएसएटी’ या शालेय परीक्षेत एक वाक्य देऊन त्यात चूक आहे का, असे विचारले होते. वाक्याचा आशय असा की टोनी मॉरिसनच्या प्रतिभेमुळे तिला एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्या लिहिता येतात. तालिकेप्रमाणे वाक्यात चूक नव्हती. मेरिलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली: इंग्रजीतल्या काही व्याकरण-पुस्तिकांनुसार ‘मॉरिसनची’ अशा षष्ठीतल्या नावाकडे ‘तिला’ हे सर्वनाम बोट दाखवू शकत नाही. परीक्षकांनी आधी हे फेटाळले. शिक्षक चिकट होता, पत्रामागून पत्रे पाठवत राहिला. अखेर २००३ मध्ये प्रश्न रद्द झाला, पेपर पुन्हा मोजले गेले आणि जवळपास पाच लाख मुलांचे गुण वाढले. गंमत अशी की त्या शिक्षकाने पुढे केलेला नियमच निराधार आहे, असे नंतर भाषावैज्ञानिकांनी म्हटले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. तरी प्रश्न रद्द करणे योग्यच होते. काही मुलांना शाळेत तो नियम शिकवला गेला होता, आणि शिकलेले पाळल्याबद्दल त्यांचा गुण जाणे न्याय्य नव्हते. परीक्षेत प्रश्न कुणाचे व्याकरण श्रेष्ठ याचा नसतो. विद्यार्थ्याला आधी काय सांगितले होते, याचा असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा: लाखांनी अर्ज येतात, जागा मोजक्या, मग चाळणी लावायला फसवे प्रश्न लागणारच. आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण चाळणीचे गणित वेगळे आहे. परीक्षाशास्त्रात प्रश्नाची भेदनक्षमता मोजायची सोपी रीत आहे. एकूण गुणांत वरच्या २७ टक्क्यांत आलेले आणि खालच्या २७ टक्क्यांत आलेले विद्यार्थी घ्यायचे, आणि दोन्ही गटांत त्या एका प्रश्नाचे उत्तर किती जणांना जमले ते पाहायचे. चांगल्या अवघड प्रश्नात वरचा गट स्पष्ट पुढे असतो. दोन्ही गट सारखेच, किंवा खालचाच पुढे, असे दिसले तर प्रश्न तरी बिघडलेला असतो किंवा तालिका तरी. परीक्षा संगणकावर होत असताना हा हिशोब काही मिनिटांचा आहे. हरकतीची वाट न पाहता संस्थेला स्वतःच संशयित प्रश्न वेगळे काढता येतील.

मग करायचे काय? पहिली मागणी साधी आहे: अंतिम उत्तरतालिकेत भाषेच्या प्रत्येक प्रश्नापुढे एका ओळीचे कारण छापावे. ‘विग्रह अमुक’, ‘क्रियापद कर्माप्रमाणे बदलते’, ‘लेखननियम अमुक’ एवढे पुरे. प्रश्न काढणाऱ्याकडूनच ते लिहून घेतले तर अर्धे फसवे प्रश्न जन्मालाच येणार नाहीत, कारण ते लिहायला बसले की दुसरा पर्यायही बरोबर आहे हे तिथेच लक्षात येते. दुसरी मागणी, जिथे व्याकरणकारांत मतभेद आहेत तिथे कोणाचे मत धरले जाईल, हे अभ्यासक्रमातच सांगावे. यावर म्हणतात की एकाच पुस्तकाचे नाव घेतले तर त्याची मक्तेदारी होईल. तर पुस्तकाचे नाव नका घेऊ, निर्णयांची पुस्तिका काढा. वादाचे मुद्दे काही हजार नाहीत. प्रयोग, समास, विभक्ती, शब्दांच्या जाती आणि शब्दसिद्धी यांतले कळीचे मुद्दे पन्नास पानांत मावतील. शासनाकडे भाषा संचालनालय आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. परीक्षार्थींच्या उपयोगाची ही पुस्तिका याच संस्थांच्या कामात बसते.

प्रकाशकांकडूनही काही अपेक्षा आहेत. मागच्या प्रश्नपत्रिका छापताना वर्ष, संच आणि तालिका पहिली की अंतिम, हे तिन्ही लिहावे. रद्द झालेले प्रश्न ‘रद्द’ असेच छापावेत. चूक कळली की शुद्धिपत्र काढावे. आज ते बहुतेक ठिकाणी निघतच नाही, पुढच्या आवृत्तीत उत्तर गुपचूप बदलते आणि जुनी आवृत्ती घेतलेला मुलगा जुन्याच उत्तरावर राहतो. शिक्षकांनीही ‘उत्तर काय’च्या आधी ‘कोणत्या कसोटीवर’ हे विचारायची सवय लावावी. ‘मी उद्या पुण्याला जातो’ याचे रूप कोणते आणि अर्थ कोणता, असे दोन प्रश्न विचारले तर मुलांना दोन्ही येतात. गोंधळ होतो तो दोन्ही प्रश्न एकात कोंबल्यावर.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटेल असे काहींना वाटते. तो मिटणार नाही, कारण पोलीस, तलाठी, गट ब आणि क, शिक्षक पात्रता या सगळ्या परीक्षा वस्तुनिष्ठच आहेत आणि परीक्षार्थींची खरी गर्दी तिथेच आहे. सुरुवात कुठून करायची, हे ठरवायचे असेल तर शालेय शिष्यवृत्ती परीक्षा सोयीची आहे. राज्य परीक्षा परिषद तिची अंतरिम उत्तरसूची आधीच प्रसिद्ध करते, पालकांकडून हरकती मागवते आणि मग अंतिम सूची काढते. त्या सूचीत आज प्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचा क्रमांक असे रकाने आहेत. शेजारी ‘कारण’ हा आणखी एक रकाना आखायचा आणि मराठीच्या प्रश्नांपुरता तो पुढच्या परीक्षेपासून भरायचा, एवढे परिषदेच्या हातात आहे.